तातडीने हॉल हवा आहे, येत्या रविवारी दुपारी

साधी_उमा (बुधवार, 19 जून 2024)
रविवारी आमच्या ग्रुपची महिन्याची भेट आहे आणि हॉलवाल्यानं आज सकाळी आगाऊ दिलेले पैसे परत केले. कारण सांगत नाही. आम्हाला ते माहीतच आहे म्हणा. वकीलताई बाहेरगावाहून येणार, त्यांची तारीख हलवता येत नाही. कुणाच्या ओळखीत जागा असेल तर लगेच सांगा. भाडं देऊ, फुकट नको.

पांढरा_रस्सा
गाव कुठलं? माणसं किती? कसला ग्रुप, भजनी मंडळ की भिशी? काहीच न सांगता जागा कशी सुचवणार?

नदीकाठ
पुण्यात असाल तर एस. एम. जोशी फाउंडेशनमध्ये विचारा. अशा बैठका तिथं होतात.

साधी_उमा
कोल्हापूर. तृतीयपंथी आणि ट्रान्स मंडळींचा ग्रुप. वीस-पंचवीस जण, दोन ते पाच. आधी ओळखपत्राचे अर्ज भरून घ्यायचे, आधारवरचं नाव आणि लिंग कसं बदलायचं ते समजून घ्यायचं. मग चहा, गाणी, गप्पा. दारू नाही, डीजे नाही. आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

जुना_वकील
पैसे परत घेतलेतच कसे? 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम 3 वाचा. लोकांसाठी खुली असलेली सेवा, सोय तुम्हाला नाकारता येत नाही. सार्वजनिक जागेत जाण्यापासून अडवलं तर कलम 18 आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद. आधी लेखी नोटीस द्या.

साधी_उमा
काका, रविवारी अर्ज भरू की पोलिस ठाण्यात बसू?

जुना_वकील
असं सोडून देता म्हणूनच लोक सोकावतात.

पांढरा_रस्सा
वकीलसाहेब, हॉल आहे का तुमच्याकडं? नसंल तर गप ऱ्हावा की.

मोकळा_वारा
हॉल कशाला पाहिजे? रंकाळ्यावर बसा, मस्त हवा.

साधी_उमा
जून महिना आहे. फॉर्म भिजतील.

शिवाजी_पेठकर
शाहू स्मारक भवन? नाहीतर सरळ ओढ्यावरच्या यल्लम्माच्या देवळात विचारा. देवीला वाहिलेल्या जोगत्या मंडळींना तिथं कोण नाही म्हणणार? आंबील यात्रेला अख्खं कोल्हापूर त्यांच्या पाया पडतं. मंगळवारी ठेवलीत तर देवीचा वारही मिळेल.

साधी_उमा
मंगळवार-शुक्रवार जोगवा मागायचा असतो, त्या दिवशी निम्म्या येणारच नाहीत. आणि दोघी मुसलमान आहेत. त्या येतीलही देवळात, पण त्यांनी दर वेळी का जुळवून घ्यायचं?

घरी_माहीत_नाही
मी ट्रान्स पुरुष, याच ग्रुपमधला. शाहू स्मारकात सगळं गाव येतं-जातं, माझ्या मामाच्या मित्रमंडळींचा अड्डाच तिथं दसरा चौकात. दारावर बोर्ड नको, बाहेर गर्दी नको, एवढंच बघा. पाया पडणारे लोक वेगळे आणि भाड्यानं खोली देणारे वेगळे, हेही लक्षात ठेवा.

डॉक्टरांचा_भाचा
ओळखपत्राला सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला लागतो. तो आधी काढा, नाहीतर रविवार वाया.

नदीकाठ
चूक. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. फी नाही, वैद्यकीय तपासणी नाही. प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. दाखला लागतो तो शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद करून घ्यायला.

डॉक्टरांचा_भाचा
आमच्या ओळखीत एकाकडं मागितला होता.

नदीकाठ
मागितला असेल. लागत नाही. आणि वैद्यकीयच बोलायचं तर पुढच्या भेटीला हार्मोनच्या डॉक्टरांना बोलवा. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानंच खाणाऱ्या मुली मी पाहिल्यात. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, कोणी सांगतच नाही.

एमएसडब्ल्यू_दुसरं_वर्ष
नमस्कार, माझ्या प्रबंधासाठी तुमच्या सदस्यांकडून प्रश्नावली भरून मिळेल का? चाळीसच प्रश्न आहेत.

साधी_उमा
आधी चटया अंथरायला या. मग बघू.

सुगरण_वहिनी
तुम्ही बचत गट का काढत नाही? आमच्या गटाच्या शेंगदाणा चटणीला मुंबईतून मागणी आहे.

शिवाजी_पेठकर
चटणी लवंगी मिरचीची का? पत्ता द्या.

पांढरा_रस्सा
अरे हॉल!!

कोरा_फळा
राजारामपुरीत माझे शिकवणीचे वर्ग आहेत, रविवारी दुपारी बंद असतात. तीस मुलं बसतात. बोर्ड फक्त क्लासचाच, त्यामुळं कोण कशाला आलंय ते कुणाला कळत नाही. भाडं नको, वीजबिलाचं काहीतरी द्या. पहिला मजला, लिफ्ट नाही.

साधी_उमा
सर, व्यक्तिगत निरोप केलाय. एकीचा गुडघा दुखतो, पण चढेल ती. स्वच्छतागृह एकच आहे की मुलांचं-मुलींचं वेगळं? आणि घरमालकाला सांगितलंय का? नंतर त्यांचा फोन यायला नको.

कोरा_फळा
एकच आहे, आतून कडी आहे. घरमालकीण माझी आईच, ती विचारतेय चहा किती जणांचा टाकू. बेंच मात्र पाचनंतर पुन्हा ओळीत लावून द्या, सोमवारी सातला बॅच असते.

जुना_वकील
नोटिशीचा मसुदा मी तरीही करून ठेवतो.