फोरम हलवायचाय, पण थर्ड पार्टी अ‍ॅडऑनचं काय करायचं?

जुना_सभासद
नमस्कार मंडळी. आमचा फोटोग्राफीवाल्यांचा फोरम व्हीबुलेटिन ४ या फोरम सॉफ्टवेअरवर आहे, खूप जुना, आणि आता हलवल्याशिवाय गत्यंतर नाही कारण होस्टिंगवाले जुनं पीएचपी काढून टाकतायत. मूळ सॉफ्टवेअर बदलायची भीती नाही वाटत, भीती वाटते ती अ‍ॅडऑनची, म्हणजे बाहेरच्यांनी लिहिलेल्या जोड-प्रोग्रामची. फोटो गॅलरी, पोस्टखालचं धन्यवादचं बटण, खरेदी-विक्री विभागात सभासदांना मिळणारं रेटिंग, हे सगळं वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या अ‍ॅडऑनवर चाललंय आणि गॅलरीवाल्याचा तर पत्ताच नाही, साइट बंद, मेलला उत्तर नाही. टीममधल्या एकाचं म्हणणं, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त अ‍ॅडऑन तो घ्या, विषय संपला. मला ते पटत नाहीये पण का ते नीट सांगताही येत नाहीये. पीएचपीबीबी, झेनफोरो आणि डिस्कोर्स हे तीन फोरम सॉफ्टवेअर डोळ्यासमोर आहेत. अ‍ॅडऑन किती मिळतात आणि जे मिळतात ते किती भरवशाचे, दोन्ही सांगा. पैसे द्यायची तयारी आहे, फक्त दिलेले पैसे बुडायला नकोत.

रात्रपाळी
मी पीएचपीबीबी चालवतो म्हणून त्याबद्दल बोलतो. आधी तिथे मॉड असायचे, म्हणजे मूळ फाइल उघडा, अमुक ओळ शोधा, तिच्याखाली हे चिकटवा, आणि पुढचं अपडेट आलं की सगळं परत करा. 2014 मध्ये 3.1 आलं आणि त्याबरोबर एक्स्टेन्शन आली, ती वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि मूळ फाइलला हात लावत नाहीत, हा फरक फार मोठा आहे. दुसरी गोष्ट, त्यांच्या अधिकृत कस्टमायझेशन डेटाबेसमध्ये एक्स्टेन्शन यायच्या आधी एक टीम कोड तपासते, नाही आवडला तर परत पाठवते. ही तपासणी स्वयंसेवक करतात त्यामुळे वेळ लागतो आणि बऱ्याच चांगल्या गोष्टी कितीतरी दिवस गिटहबवर (कोड ठेवायची साइट) किंवा डेव्हलपमेंटच्या धाग्यातच पडून असतात, म्हणून शोधलं की वाटतं भरपूर आहे पण तपासलेलं त्यातलं कमीच. मी चालू फोरमवर फक्त तपासलेलंच टाकतो. संख्या झेनफोरोपेक्षा कमी वाटेल, सगळं फुकट आहे, आणि फुकट असल्यामुळे लेखकाचा उत्साह संपला की काम थांबतं हेही खरं. धन्यवादचं बटण कोअरमध्ये, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्ये, नाही, त्यासाठी एक्स्टेन्शन लागेलच.

पडद्यामागे
टीममधल्या त्या मित्राला एवढंच सांगा की यादीतला आकडा बघू नका, तारखा बघा. शेवटचं अपडेट कधी, सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती आल्यावर ते किती दिवसांत आलं, आणि सपोर्टच्या धाग्यात लेखक उत्तरं देतोय का. झेनफोरोचंच बघा, 2017 मध्ये 2.0 आलं तेव्हा 1 साठी लिहिलेली अ‍ॅडऑन तशीच चालणार नव्हती, नव्याने लिहावी लागली, आणि कितीतरी लेखकांनी ती लिहिलीच नाहीत. मग 2024 ला 2.3 मध्ये जेक्वेरी (जावास्क्रिप्टची एक लायब्ररी) काढून टाकलं, तेव्हा जावास्क्रिप्ट वापरणाऱ्या अ‍ॅडऑनना परत दुरुस्ती. अशा दोन-तीन लाटांतून जो लेखक टिकला त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पैसे देऊन घेणार असाल तर रिन्युअल काय आहे ते आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी पहिली किंमत कमी असते आणि अपडेट चालू ठेवायला दरवर्षी पैसे, वर तळाशी येणारी लेखकाची लिंक काढायची तर त्याचे वेगळे. मला पैसे देण्यात काही चूक वाटत नाही, उलट ज्याचं घर त्यावर चालतं तो पुढच्या वर्षीही काम करत असण्याची शक्यता जास्त.

गॅलरीचं म्हणाल तर झेनफोरोची स्वतःची मीडिया गॅलरी आहे, वेगळे पैसे पडतात पण ती मूळ कंपनीच करते त्यामुळे नवी आवृत्ती आली की तीही येते. तुमचा फोरम फोटोंचाच आहे तर मी याला फार वजन देईन. आणि जे कोअरमध्ये आहे त्यासाठी अ‍ॅडऑन शोधू नका, रिअ‍ॅक्शन (पोस्टखालचे लाइकसारखे) आहेत, प्रश्नोत्तराचे धागे 2.2 पासून आहेत, आधी या गोष्टींसाठी लोक अ‍ॅडऑन घालायचे.

फुकटात नल्ड कॉपी (परवान्याची तपासणी काढलेली चोरीची प्रत) मिळते म्हणून कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. त्यात मागचं दार ठेवलेलं असू शकतं आणि तुमच्या सभासदांचे पासवर्ड नि ईमेल पणाला लागतात.

कोडकरी
सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर व्हीबीएसईओ या अ‍ॅडऑनची आठवण करून देतो, व्हीबुलेटिनवाल्यांना नाव माहीत असेलच. एके काळी प्रचंड चालायचं, यूआरएल सुंदर करायचं. बनवणारे बंद झाले, नंतर त्यात गंभीर त्रुटी सापडली आणि 2015 च्या सुरुवातीला व्हीबुलेटिनला लोकांना सावध करावं लागलं. मालक नसलेलं अ‍ॅडऑन म्हणजे फक्त नवीन फीचर येत नाहीत एवढंच नाही, भोक पडलं तर बुजवणारा कोणी नाही. जुना_सभासद, तुमच्याकडे अजून ते असेल तर स्थलांतराची वाट बघू नका, आजच काढा. काढल्यावर जुने यूआरएल रीडायरेक्ट करायचं तेवढं बघा, नाहीतर सर्चमधून येणारे लोक तुटलेल्या पानावर जातील.

डिस्कोर्सबद्दल थोडं. तिथे दोन प्रकार आहेत ते वेगळे धरा. थीम कंपोनंट (साइटच्या दिसण्या-वागण्यातले छोटे बदल) अ‍ॅडमिन पॅनेलमधून टाकता येतात, बिघडले तर सेफ मोडमध्ये जाऊन बंद करता येतात, धोका कमी. प्लगइन म्हणजे सर्व्हरवर कोड, कॉन्फिगच्या फाइलमध्ये प्लगइनचा कोड आणणारी गिटची ओळ टाकून अख्खा कंटेनर (डिस्कोर्स ज्यात चालतं तो डबा) रीबिल्ड, म्हणजे नव्याने तयार, करावा लागतो आणि त्या वेळात साइट बंद असते, आणि एखादा बाहेरचा प्लगइन नवीन कोडशी जुळला नाही तर रीबिल्डच अडकतो. मूळ टीमचे प्लगइन व्यवस्थित सांभाळलेले असतात, बाहेरचे घ्यायचे तर मोजकेच आणि ज्यांच्याकडे रुबी (प्लगइन ज्यात लिहितात ती भाषा) वाचणारा कोणी आहे त्यांनीच. झेनफोरोमध्ये अडकलात तर कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकून सगळ्या अ‍ॅडऑनचे लिसनर (मूळ कोडला जोडलेले त्यांचे तुकडे) एकदम बंद करता येतात, पीएचपीबीबीमध्ये एक्स्टेन्शन डिसेबल केलं तरी डेटा राहतो, पुसायचा असेल तर वेगळा पर्याय असतो. टाकण्याआधी काढायचा रस्ता माहीत पाहिजे, मी तरी आधी तेच बघतो.

जुना_सभासद
खूप उपयोग झाला सगळ्यांचा. तारखांचा मुद्दा तसाच्या तसा टीमपुढे मांडतो. आता खरी अडचण, गॅलरीतले फोटो लोकांनी पोस्टमध्ये त्या अ‍ॅडऑनच्या खास टॅगने लावलेत, हजारो पोस्ट असतील, आणि धन्यवादचे आकडे लोकांना जिवापाड प्रिय आहेत. हे झेनफोरोच्या इंपोर्टरमधून (जुन्या फोरमचा डेटा आणायचं साधन) येईल का?

कोडकरी
नाही येणार. इंपोर्टर सभासद, धागे, पोस्ट, अटॅचमेंट अशा कोअरच्या गोष्टी आणतो, बाहेरच्या अ‍ॅडऑनने बनवलेले टेबल त्याला ओळखीचे नसतात. टॅगचं जास्त वाईट, कारण तो पोस्टच्या मजकुरात बसलाय, अ‍ॅडऑन गेलं की चौकोनी कंसातला आकडा तेवढा दिसतो आणि फोटो गायब.

म्हणून टॅगचं काम इंपोर्टच्या आधी करा. डेटाबेसची कॉपी घ्या, त्या कॉपीवर स्क्रिप्ट चालवून प्रत्येक गॅलरी टॅगच्या जागी साधा इमेज टॅग आणि फाइलचा पूर्ण पत्ता घाला, मग ती कॉपी इंपोर्ट करा. फाइल नवीन सर्व्हरवर त्याच पत्त्यावर ठेवल्या की पुढे कुठलंही सॉफ्टवेअर आलं तरी फोटो दिसतील. धन्यवादचे टेबल साधे असतात, कोणी कोणत्या पोस्टला कधी म्हटलं एवढंच, ते रिअ‍ॅक्शनमध्ये भरायला पीएचपी येणाऱ्या माणसाला अवघड नाही, फक्त इंपोर्टनंतर पोस्टचे आणि सभासदांचे क्रमांक बदललेत का ते बघायला सांगा आणि शेवटी काउंटर (एकूण आकडे) रीबिल्ड करा.

पडद्यामागे
खरेदी-विक्रीचं रेटिंग राहिलं. ते तिघांच्याही कोअरमध्ये नाही, म्हणजे परत बाहेरचं अ‍ॅडऑन. मी असतो तर जुनी रेटिंग प्रत्येक सभासदाच्या प्रोफाइलमधल्या एका कस्टम फील्डमध्ये आकडा म्हणून टाकून ठेवली असती, ते फील्ड कोअरचंच असतं, आणि नवीन व्यवहारांसाठी प्रत्येक विक्रेत्याचा एक प्रतिक्रियांचा धागा. थोडं हाताने करावं लागतं पण कोणाच्या मेलची वाट बघत बसावं लागत नाही.