आठ वर्षं उभा असलेला 1035 ट्रॅक्टर, ऑइल इंजिन आणि जुनं थ्रेशर: सुरू करण्याआधी काय पाहावं?

काळीमाती_इंदूर

देपालपूर तहसिलीत घरची शेती आहे. शेडमध्ये आजोबांच्या वेळची तीन यंत्रं पडून आहेत. भंगारात द्यायची नाहीत, चालती करायची आहेत.

पहिलं, 1983 चा मॅसी 1035. तीन सिलिंडर, रोटरी डिझेल पंप, सायलेन्सर उभा. आठ पावसाळे एकाच जागी आहे आणि शेडचा पत्रा नेमका सायलेन्सरच्या वरच फाटलाय. फॅनचा पट्टा धरून फिरवून पाहिलं, इंजिन हलत नाही. दुसरं, विहिरीवरचं लिस्टर टाइप ऑइल इंजिन, सहा हॉर्सपॉवर, 650 आरपीएम. ते हँडलने फिरतं, पण फिरताना ठकठक येते. तिसरं, गव्हाचं जुनं थ्रेशर, त्याचं गहू टाकायचं तोंड उघडंच आहे.

शेजारचे म्हणतात, दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून गियरमध्ये ओढा, सुटेल. ओढावं का? आणि सुरुवात कुठून करावी? ट्रॅक्टरची आरसी अजून आजोबांच्याच नावावर आहे, ते आता नाहीत.

---

पंप_नोझल

ओढू नका. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, पण ओढू नका.

उभ्या सायलेन्सरवर पाऊस पडला की पाणी मॅनिफोल्डमध्ये (सायलेन्सर इंजिनाला जोडणाऱ्या नळीत) उतरतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहिलेला असतो त्यात भरतं. या इंजिनात तीन सिलिंडर मिळून अडीच लिटर, म्हणजे एकाला साधारण 830 सीसी. पिस्टन अगदी वर आला की उरते ती जागा जेमतेम 50 सीसी, चहाचा अर्धा कप. पाणी दबत नाही. अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी आत असताना ओढलंत तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी नसलं तरी गंजलेल्या रिंगा तुटतात आणि त्यांचे तुकडे बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे पाडतात. आज जे काम तेल आणि धीराने होईल त्याला उद्या पूर्ण इंजिन उघडावं लागेल.

क्रम असा ठेवा.

बॅटरीचा विचार सध्या सोडा. तिन्ही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा. अडकले असतील तर आदल्या रात्री मुळाशी डिझेल सोडून ठेवा आणि काढताना पहारीने उचकटू नका, डावी-उजवीकडे फिरवत सैल करा. प्रत्येक नोझलखाली तांब्याचा वायसर असतो. तीन नोझल निघाले की तीन वायसर मोजून हातात घ्या. एखादा भोकातच चिकटून राहतो, नंतर त्यावर नवा बसवला की नोझल वर राहतो आणि तिथून गॅस मारतो. वाकवलेल्या तारेने तो ओढून काढा.

मग टॉर्च लावून भोकातून आत पाहा. पाणी असेल तर सलाइनची नळी आणि मोठी सिरिंज, यांनी खेचून घ्या. त्यानंतर अर्धं डिझेल आणि अर्धं पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल (एटीएफ) एकत्र करून प्रत्येक सिलिंडरमध्ये 100 मिली सोडा. तीन दिवस हात लावू नका.

तोवर वरचं रॉकर कव्हर काढा. प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर हातोडीच्या लाकडी दांड्याने दाबून पाहा. खाली जाऊन परत वर यायला हवा. एकही व्हॉल्व्ह गाइडमध्ये (तो सरकतो त्या नळीत) धरलेला असताना इंजिन फिरवलंत तर पुश रॉड वाकतो. अडकलेल्याच्या दांडीवर तेच तेल सोडत राहा.

तीन दिवसांनी सेल्फ काढा. त्या भोकातून फ्लायव्हीलचे दात दिसतात. तिथे पहार लावून दोन-तीन दात पुढे, दोन-तीन मागे. अडलं की मागे घ्या, तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. फॅनपुलीच्या बोल्टवर पाना लावून जोर करू नका, बोल्ट तुटतो.

सगळ्यात आधी संपचा (इंजिनाखालच्या तेलाच्या पेटीचा) नट अर्धा आटा सैल करा आणि खाली पेला धरा. पाणी जड, ते तेलाच्या आधी येतं. किती आलं ते लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.

---

काळीमाती_इंदूर

केलं. एक आणि दोन नंबर कोरडे. तीन नंबरमध्ये चहासारखं लालसर पाणी होतं. संपमधून आधी दोन पेले पाणी आलं, मग काळं तेल. इंजिन आता पाऊणएक इंच पुढे-मागे हलतं. हेड गॅसकेट (हेडखालचं पॅकिंग) गेलं असेल का?

---

पंप_नोझल

बहुतेक पाणी वरूनच आलेलं आहे: सायलेन्सरमधून तीन नंबरमध्ये आणि तिथून रिंगांच्या बाजूने झिरपत संपमध्ये. खात्री करायची तर संपचं सगळं तेल काढा, नट काढलेलाच ठेवा, खाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा आणि रेडिएटर काठोकाठ भरून रात्रभर सोडा. सकाळी पुठ्ठा कोरडा आणि रेडिएटरची पातळी तीच, तर गॅसकेटवर संशय घेऊ नका. पुठ्ठा ओला असेल तर हेड उतरवावंच लागेल.

खरं सांगायचं तर तीन नंबरसाठी हेड एकदा उतरवून पाहिलेलं बरं. बोअरमध्ये पिस्टन थांबला होता तिथे गंजाची गोल रेघ दिसेल. 400 नंबरचा एमरी पेपर डिझेलमध्ये बुडवून तिरका तिरका फिरवा, मग नख वरून खाली ओढा. नख अडलं नाही तर तसंच चालवा. अडलं तर स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं नळकांडं) बदलावी लागेल. या इंजिनाची स्लीव्ह कोरडी, म्हणजे पाण्याला न लागणारी. ती काढणं-बसवणं प्रेसवर, खरादवाल्याकडेच होतं. घरी हातोडीने नको.

इंजिन पूर्ण फिरायला लागलं की टॅपेट लावा, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर. थंड इंजिनवर 0.30 मिमी, म्हणजे फिलर गेजची बारा थाऊची (इंचाच्या बारा हजारांशांची) पात. फायरिंग ऑर्डर 1-2-3. एक नंबर दाबाच्या वेळी वर आणा, दोन्ही रॉकर सैल असले पाहिजेत, ते दोन लावा. मग इंजिन दोन तृतीयांश फेरा फिरवा, दोन नंबर येतो. आणखी तेवढाच, तीन नंबर.

---

गियरपेटी

डिझेलच्या बाजूचं मी लिहितो.

टाकीतलं आठ वर्षांचं डिझेल ओतून टाका, तळाशी काळा चिकट गाळ असेल. टाकी उतरवून धुवा. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र मुद्दाम पाहा. आपल्याकडे कुंभारीण माशी त्यात चिखलाचं घर करते, वाळलेली माती वरून धुळीसारखी दिसते म्हणून लक्ष जात नाही. मग ट्रॅक्टर छान सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि आपोआप बंद पडतो. टाकीत हवा जात नाही म्हणून डिझेल येत नाही. लोक पंप बदलून बसतात. बंद पडल्यावर झाकण उघडताना 'फुस्' आवाज आला तर दोष तिथेच.

रोटरी पंपाला पाणी अजिबात सोसत नाही. आतला रोटर डिझेलच्या थरावरच फिरतो, गंज धरला की चिकटतो. म्हणून पंप आणि तिन्ही नोझल एकदा टेस्ट बेंचवर तपासून घ्या. इथे पैसे वाचवू नका.

परत बसवल्यावर हवा काढायचा क्रम: आधी फिल्टरचा वरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची कळ हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की कसा. मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू, मग गव्हर्नरच्या (पंपातला वेग सांभाळणारा भाग) डोक्यावरचा. शेवटी नोझलकडचे पाइपचे नट एकेक आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की कसा. कळ दाबताना काहीच जोर लागत नसेल तर फीड पंपाचा कॅम वर आलाय, इंजिन एक फेरा फिरवा.

एअर क्लीनर तेलाचा आहे. त्यात उंदरांचं घर आणि पाणी, दोन्ही असतात. धुऊन खुणेपर्यंतच तेल भरा. खुणेच्या वर भरलंत तर इंजिन ते तेल ओढून जाळायला लागतं.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असणारच. पेडल दाबून लाकडाच्या ठोकळ्याने आठवडाभर अडकवून ठेवा, बऱ्याच वेळा तेवढ्याने सुटते. आणि मागची अवजारं उचलणारी लिफ्ट उठली नाही म्हणून लगेच मागचं झाकण उघडू नका. या मॉडेलचा लिफ्ट पंप पीटीओच्या (मागची यंत्रं फिरवणाऱ्या) शाफ्टवर चालतो. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर लिफ्ट उठणारच नाही. आधी लिव्हर लावून पाहा. मागच्या पेटीतलं तेल दुधासारखं पांढरं झालं असेल तर गियर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाणी गेलंय. तेल बदला, पण त्याआधी रबर बदला, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

डायनॅमो असेल तर पहिल्यांदा तो चार्जिंग देणार नाही, त्याचं चुंबकत्व गेलेलं असतं. डी आणि एफ दोन्ही तारा काढा, बॅटरीच्या जिवंत तारेने एफ टर्मिनलला क्षणभर स्पर्श करा, बारीक ठिणगी पडली की झालं. मग तारा परत लावा.

---

विहीर_ते_वावर

ऑइल इंजिनाच्या ठकठकीबद्दल. ही इंजिनं लिस्टर कंपनीच्या 1929 च्या इंग्लिश मॉडेलच्या नकलेवर बनली, राजकोटला तर ढिगाने. साधं यंत्र आहे, नीट सांभाळलं तर तुमच्या नातवंडांनाही पाणी देईल.

ठकठक ऐकली की लोक बिग एंडचं (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) बेअरिंग काढतात. आधी फ्लायव्हीलच्या गिब चाव्या पाहा. दोन्ही चाकांना एकेक पाचरीसारखी चावी असते. ती सैल झाली की प्रत्येक फेऱ्यात चाक शाफ्टवर किंचित हलतं आणि तोच आवाज येतो. चाक आणि शाफ्टच्या सांध्यावर खडूने आडवी रेघ मारा, हँडलने वीस-पंचवीस फेरे द्या. रेघ तुटली तर चावी सैल. सांध्यातून लालसर बुकटी निघत असेल तर रेघेचीही गरज नाही. सैल चावीवर इंजिन चालवू नका, चाकाचा हब फुटतो किंवा क्रँक तुटते. चावी ठोकून बसत नसेल तर नवी घडवून घ्या. खाली पत्र्याचा तुकडा घालायची पद्धत आहे, ती घातकी.

रेघ सलग राहिली तरच बाजूचं झाकण उघडा. कनेक्टिंग रॉडच्या खाली तेल उडवणारी पळी असते, ती वाकली किंवा तुटली असेल तर बेअरिंगला तेल पोचत नाही. तळाशी गाळ साचला की तेलाची पातळी बरोबर दिसते आणि पळी मात्र गाळात फिरते. सगळं खरवडून काढा.

हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याभोवती वळवू नका. उलटा झटका आला तर हात सुटला पाहिजे.

---

मळणी_सांवेर

थ्रेशरचं तोंड उघडं आहे हे तुम्ही सहज लिहिलंय, पण तिन्हींत धोक्याचं यंत्र तेच. पेंढी आत लोटताना हात तिच्याबरोबर ओढला जातो. अशा अपघातांमुळेच 1983 मध्ये घातक यंत्रांचा केंद्रीय कायदा झाला. मानकाप्रमाणे गहू टाकायची नाळ कमीत कमी 900 मिमी लांब, तिचा ड्रमकडचा 450 मिमी भाग वरून झाकलेला आणि ड्रमच्या तोंडाशी रुंदी 220 मिमी हवी. म्हणजे हात पूर्ण लांबवला तरी ड्रमपर्यंत पोचत नाही. पत्रा आणि अँगल आणून कोणताही वेल्डर एका दिवसात बनवून देईल. ती बसेपर्यंत पट्टा चढवू नका.

बाकी: ड्रमचे दात एकेक वाजवून पाहा, तडकलेला बद आवाज देतो. एक दात बदलला तर समोरचाही त्याच वजनाचा बदला, नाहीतर ड्रम थरथरतो आणि बेअरिंग जातं. गहू फुटत असेल तर ड्रमचा वेग जास्त आहे किंवा दाणा फार कोरडा आहे. भुशात दाणे जात असतील तर पंख्याची हवा कमी करा.

---

आरसी_काका

मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, मुदत मृत्यूपासून तीन महिने. उशीर झाला असेल तर दंड भरून होतं. सोबत मृत्यू दाखला, वारसाची कागदपत्रं, मूळ आरसी, चालू विमा. शेतीचा ट्रॅक्टर नियमांत नॉन-ट्रान्सपोर्ट धरला जातो, म्हणून 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म 25 वर, दर वेळी पाच वर्षांसाठी. जायच्या आधी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. जुन्या प्लेटवर रंगाचे थर असतात, ते रॉकेलने काढा. कानशीने घासू नका, नंबर खोडल्यासारखा दिसला तर तपासणीत अडकतं.

आणि ज्यांना दुरुस्ती मुळापासून शिकायची आहे त्यांच्यासाठी: नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे, 1955 पासूनची. तिथे शेतकऱ्यांसाठीही कोर्स असतात.

---

काळीमाती_इंदूर

पुठ्ठा कोरडा निघाला. हेड उतरवलं, तीन नंबरची रेघ एमरीने गेली, नख अडत नाही. पंप बेंचवर दिलाय. खडूची रेघ तुटली, म्हणजे डाव्या चाकाची चावी सैल आहे. 1035 पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यावी?

---

पंप_नोझल

उत्तम. नवं गॅसकेट, नवं तेल, नवा ऑइल फिल्टर (बसवण्याआधी तेलाने भरून). बंद करायची कळ ओढून ठेवा आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये मिनिटभर थांबा. ऑइल गेजचा काटा उचलला की मगच कळ सोडा.

एअर क्लीनरचा पाइप मॅनिफोल्डकडून सुटा ठेवा आणि तोंडाशी एक जण सपाट लाकडी फळी घेऊन उभा राहू दे. पंपात काही अडकलं आणि इंजिन आपणहून पळायला लागलं तर कळ ओढून थांबत नाही, हवाच बंद करावी लागते. फळीच हवी. कापड आत ओढलं जातं, आणि हाताचा तर विचारही नको. आणि लवकर सुरू व्हावं म्हणून पेट्रोलचा बोळा तोंडाशी धरायचा नाही.

सुरू झालं की कमी वेगावर वीस मिनिटं. पांढरा धूर पहिली पाच मिनिटं चालेल, नंतरही राहिला तर तीन नंबरचा नोझल पुन्हा पाहा. गरम असतानाच हेडचे नट त्यांच्या क्रमाने पुन्हा कसा, मग थंड झाल्यावर टॅपेट परत तपासा, कारण हेड बसलं की अंतर बदलतं. आणि सायलेन्सरच्या तोंडावर आजच डबा उपडा घाला, पत्रा दुरुस्त व्हायची वाट पाहू नका.