फॉर्म बी नाही म्हणून सोसायटीचं पाणी तोडा? आधी बिल्डरला धरा!

परळकर: काल इथे एकाने लिहिलंय, ज्या सोसायट्या जानेवारी-जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा एजन्सीचा दाखला, भरत नाहीत त्यांचं पाणी नि वीज तोडा, सुतासारख्या सरळ येतील. वाचून डोकंच फिरलं. अहो, आमच्या परळचा क्रिस्टल टॉवर आठवतो का? ऑगस्ट 2018, बाराव्या मजल्यावर आग, चार जण गेले. बिल्डिंगला ओसीच, म्हणजे राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखलाच, नव्हती आणि लोक राहत होते, कारण घरभाडं आणि लोनचा हप्ता दोन्ही माणूस किती वर्षं भरणार? आगीनंतर पाणी-वीज तोडली ती त्याच रहिवाशांची. आमच्या स्वतःच्या बिल्डिंगचं पझेशन मिळालं तेव्हा होज बॉक्स लालेलाल, आत पाइप, नोझल, सगळं जागच्या जागी, पण व्हॉल्व्ह फिरवला तर पाण्याचा थेंब नाही, पंप टाकीला जोडलेलाच नव्हता! अशी बिल्डिंग पास करून कोणीतरी सही केलीच ना? तो निवांत, बिल्डर पुढचा प्रोजेक्ट विकतोय आणि भुर्दंड आमच्या माथी. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्यात पाच वर्षं दोष दुरुस्त करून द्यायची जबाबदारी बिल्डरची आहे, आधी ती वसूल करा की.

ठाण्याचा सेक्रेटरी: पाच वर्षं झाल्यावर काय? 2006 चा आपला अग्निसुरक्षेचा कायदा जबाबदार कोण, तर मालक किंवा भोगवटादार म्हणतो, म्हणजे तुम्ही-आम्ही. एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, पंपाच्या दुरुस्तीचं कोटेशन ठेवलं की अर्धे उठून जातात, लॉबीच्या टाइल्सना मात्र एकमताने मंजुरी. आमच्या इलेक्ट्रिक डक्टमध्ये चपला, जुनी रद्दी, कोणाची तरी सायकल, हे बिल्डरने आणून ठेवलं का? फायर डोअरला वीट लावून ठेवतात, हवा येते म्हणून! नोटिशीला कोणी भीक घालत नाही, पाणी बंद झाल्याशिवाय लोक हलत नाहीत, हे मी रोज बघतो.

बोरिवली वेस्ट: आणि बॉक्स ग्रिल? सगळ्या खिडक्यांना पिंजरे करून ठेवलेत. माझा मामेभाऊ अग्निशमन दलात आहे, शिडी लावून वर पोचायचं आणि मग ग्रिल कापत बसायचं, तोवर आतला माणूस धुराने बेशुद्ध. पहिल्यांदा ग्रिल काढा, मग फॉर्म बी बघू.

रियाची आई: काढा म्हणे! चौदाव्या मजल्यावर दोन वर्षांचं मूल घेऊन राहून बघा एकदा. आमच्या शेजारच्या विंगमधलं पोर खुर्चीवर चढून खिडकीतून अर्धं बाहेर झुकलं होतं, त्या ग्रिलमुळे आज जिवंत आहे. आग कधीतरी लागते, मूल रोज खिडकीशी जातं.

बोरिवली वेस्ट: "कधीतरी" लागलेल्या आगीतच माणसं मरतात ताई. ग्रिलमध्ये उघडणारी झडप बसवता येते, पण तुम्ही लोक त्यात कुंड्या नि वॉशिंग मशीन ठेवणार.

रियाची आई: "तुम्ही लोक" म्हणजे कोण? तोंड सांभाळून बोला. झडपेला कुलूप लावलं तर किल्ली शोधायची कोणी, नाही लावलं तर मूल उघडणार नाही कशावरून?

ठाण्याचा सेक्रेटरी: दोघेही जरा थांबा, विषय फॉर्म बीचा आहे.

बोरिवली वेस्ट: विषय जीव वाचवायचा आहे, फॉर्मचा नाही. तुमचे फॉर्म एजन्सीवाला हायड्रंटला, म्हणजे आग विझवायच्या नळाला, हात न लावता भरून देतो, आमच्याकडे तर गेटवर चहा पिऊन गेला.

गोरेगावची: ग्रिल, ग्रिल काय लावलंय सगळ्यांनी? ऑक्टोबर 2023, आमच्या इथली जय भवानी बिल्डिंग. पाच मजल्यांची एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली, मध्यरात्रीनंतर खाली पार्किंगमध्ये आग लागली, तिथे बाइक्स होत्या आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठे. धूर सरळ जिन्यातून वर. किमान सात जण गेले. त्या लोकांना कोण म्हणणार होतं एजीएम घ्या नि पंप बदला? मेंटेनन्स भरतानाच नाकी नऊ येतात. एसआरएवाल्यांना यंत्रणा बसवून द्या, सरकारने द्या नाहीतर बिल्डरकडून घ्या, मग काय तो दंड लावा. पण खालचे गठ्ठे हटवायला पैसा लागत नाही, तेवढं आमच्या लोकांनी करायलाच हवं, हे मी आमच्या चाळकमिटीत पण बोलले आणि शिव्या खाल्ल्या.

परळकर: हेच तर म्हणतोय. बिल्डर मोकळा आणि गरीब नोटीस घेऊन फिरणार.

ठाण्याचा सेक्रेटरी: एसआरएचं मान्य. पण दोन कोटींचा फ्लॅट घेऊन पंपाला पैसे नाहीत म्हणणाऱ्यांचं मी काही ऐकून घेणार नाही. आणि परळकर, तुमचा पंप आता तरी जोडलाय का?

परळकर: जोडला. सोसायटीच्या खर्चाने, बिल्डरवर केस चालू ठेवून. वीज-पाणी तोडायला माझा विरोध आहे तो आहेच. त्यापेक्षा कमिटीच्या खात्यातून परस्पर काम करून घ्या आणि बिल्डरकडून वसूल करा, त्याला हरकत नाही.

रियाची आई: बेडरूमच्या एका खिडकीला झडप करून घेते, आतून कडी, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंच. हॉलचं ग्रिल राहणार, त्यावर वाद नको.

बोरिवली वेस्ट: करा. पण त्याच्यासमोर कपाट ठेवू नका म्हणजे मिळवलं.