गृहकर्जासाठी एजंट कसा गाठलात? कोल्हापूरकरांचे अनुभव

पाचगाव-कळंब्याकडं प्लॉट घेतलेले, राजारामपुरीत जुना फ्लॅट बघणारे, सगळ्यांचा प्रश्न एकच: कर्जासाठी थेट बँकेत जायचं की एजंट धरायचा? ज्यांनी हे उरकलंय त्यांनी लिहा. नावं-नंबर टाकू नका. त्यानं पैसे मागितले का आणि काम काय केलं, तेवढं सांगा.

पाचगाव, शिक्षिका

आमचा एजंट सीएनं सुचवलेला. पहिल्या भेटीत त्यानं पगाराच्या स्लिपा बाजूला सारल्या आणि सातबारा मागितला. ‘इतर हक्क’च्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, हा सेवा सोसायटीचा बोजा कुणाचा?” मूळ मालकानं उसाचं पीककर्ज कधीच फेडलं होतं, बोजा मात्र तसाच. कर्ज फिटलं म्हणून नोंद आपोआप निघत नाही. सोसायटीचा बेबाकी (येणं बाकी नसल्याचा) दाखला आणायचा, तलाठ्याकडं द्यायचा, फेरफार मंडल अधिकाऱ्यानं मंजूर करायचा, तेव्हा कुठं तो रकाना कोरा होतो. “आधी हे करा, मग फाईल लावू. नाहीतर वकिलाच्या सर्च रिपोर्टात, म्हणजे मालकीच्या तपासणीत अडकणार,” म्हणाला. मूळ मालक दाद देईनात, तर हाच ॲक्टिव्हा काढून त्यांच्या घरी जाऊन बसला. आमच्याकडून रुपया घेतला नाही. कर्ज उचललं की त्याचं कमिशन बँकच देते.

शिरोली एमआयडीसी, लेथ कारखाना

भावांनो, आमच्यासारख्याला एजंटाबिगर गत्यंतर न्हाई. धंदा जोरात, पण रिटर्नवर दिसणारं उत्पन्न बेताचं. बँकेतल्या सायबानं फाईल उघडली आन् तशीच माघारी सरकवली. एजंटानं जीएसटीची उलाढाल बघून कर्ज देणारी हाउसिंग फायनान्स कंपनी गाठून दिली. काम झालं, पण दर चढा. बँकांचे फ्लोटिंग (बदलते) दर ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधल्यात, या कंपन्यांना ते बंधन न्हाई. रेपो उतरला की बँकेचं कर्ज घेतलेल्या मित्राचा हप्ता हलतो, आमचा ढिम्म. पुढं कर्ज बँकेत फिरवायचा विचार हाय.

ताराबाई पार्क, सरकारी नोकरी

पगार जमा होतो त्याच शाखेत गेले. बिल्डरच्या प्रोजेक्टला बँकेची मंजुरी आधीच होती. एजंट कशाला लागतो, मला अजून कळलेलं नाही.

उपनगर, गाव नको लिहायला

आमच्याकडून ‘फाईल चार्ज’ म्हणून रोख घेतले, पावती नाही. मग एका दमात चार-पाच ठिकाणी अर्ज टाकले. प्रत्येकानं सिबिल तपासलं आणि स्कोअर घसरला. मंजुरीपत्र आलं तर त्यात विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला. हा विमा सक्तीचा नसतो, शाखेत भांडून काढायला लावला. एजंटाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुधाळी, पूरग्रस्त

२०१९ चं पाणी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये होतं. मूल्यांकनाला आलेल्या माणसानं टेप काढायच्या आधी भिंतीवरची गाळाची रेघ बघितली. पूररेषेचा नकाशा एजंटानं आधीच काढून ठेवला होता म्हणून बोलायला तोंड राहिलं. नदीकडच्या भागात घर घेणार असाल तर एजंट त्याच भागातली कामं केलेलाच बघा.

शाहूपुरी, निवृत्त बँक अधिकारी

एजंट खरंच त्या बँकेचा डीएसए (बँकेनं नेमलेला कर्ज एजंट) आहे का, हे शाखेत जाऊन विचारा, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर जाऊ नका. कोऱ्या अर्जावर सही नको, ओटीपी तर अजिबात नको. “शंभर टक्के कर्ज करून देतो” म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के आणि त्यापुढं ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, यापेक्षा जास्त बँकेला देताच येत नाही. सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं आणि सगळे खर्च धरून वार्षिक दर त्यात असतो. एजंट तोंडी सांगतो तो दर आणि हा, शेजारी ठेवून बघा. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. चूक बँकेची असेल तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे एजंट सांगणार नाही, त्याचा संबंध कर्ज उचलण्यापुरताच.

गडहिंग्लज

कोल्हापूरचा एजंट इकडं यायला नाखूश, लहान कर्जात त्याला काय सुटणार? शेवटी इथल्या दस्तलेखकानंच शाखेच्या पॅनेलवरचा वकील गाठून दिला आणि फाईल मी स्वतः लावली. चंदगड-आजऱ्याकडं कुणी चांगला एजंट बघितलाय का?