दिंडीत गाता-वाजवता येत नाही पण शिवणकाम येतं, सेवा कशी द्यावी?

टाका_दोरा

राम कृष्ण हरी सगळ्यांना. यंदा पहिल्यांदाच माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचं ठरवलंय. माझी आत्या आमच्या गावच्या दिंडीत २२ वर्षं चालतीय, तिच्यासोबतच जाणार आहे. पण मनात एक गोष्ट सारखी घोळतीय म्हणून इथं विचारते.

मला गळा नाही. हरिपाठ तेवढा पाठ आहे, बाकी अभंग कुणी सुरू केला तर मागनं म्हणते. टाळ धरला तर ठेका चुकतो. पण २० वर्षं शिवणकाम करतीय, घरीच दुकान आहे, ब्लाऊज, फॉल-पिको, आणि जूनमध्ये शाळेची दप्तरं दुरुस्तीला येतात ती सगळी. हात त्यातच चालतो माझा.

गेल्या वर्षी फक्त पुणे ते सासवड चालले होते. दिवे घाटात माझ्या पुढं एक मावशी होत्या, डोक्यावर तुळशीवृंदावन, आणि खालची चुंबळ सैल होऊन सारखी एका बाजूला सरकत होती, त्यामुळे पूर्ण घाटभर बिचारीचा एक हात वर धरलेला. सासवडला टेकलो तेव्हा मी माझी जुनी सुती ओढणी फाडली, पीळ घालून गोल केली आणि पर्समधल्या सुईनं चारी बाजूनी घट्ट टाके घातले. त्यांनी ती डोक्यावर ठेवली, वर वृंदावन ठेवलं, मान डावी-उजवीकडं करून बघितली आणि दोन्ही हात सोडून दिले. "आता कसं बसलं" एवढंच बोलल्या. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की मी हीच सेवा का देऊ नये. लोकांच्या सॅकचे बंद तुटलेले असतात, चेन गेलेल्या असतात, पताका फाटतात, मृदंगाच्या खोळी उसवतात.

तर विचारायचं असं की, हातमशीन नेता येईल का? परवानगी कुणाकडं मागायची? आणि खरं मनातलं सांगते, घरातलंच एक माणूस म्हणालं की वारीत नाम घ्यायचं असतं, दुकान मांडायचं नसतं. ते फार लागलं. ही सेवा होत नाही का?

---

वाखरीचा_विसावा

माऊली, ते "दुकान"वालं आधी मनातनं काढून टाका. नामदेव महाराज कुणाच्या घरात जन्मले? शिंप्याच्या. त्यांची पायरी महाद्वारात आहे, तिला हात लावल्याशिवाय आपण आत जात नाही. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. गोरोबाकाका तेरला मडकी घडवत राहिले, सेना महाराजांनी वस्तरा सोडला नाही, सावता महाराज तर अरणचा मळा सोडून गेलेच नाहीत, देवच तिकडं गेला असं आपण मानतो. आपल्या संप्रदायात हातातलं काम टाकून या असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही. पुण्यात पालखी मुक्कामी असते तेव्हा बघा, नाभिक मंडळी रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून वारकऱ्यांच्या दाढ्या करतात, चर्मकार बांधव चपला शिवून देतात, छत्र्या दुरुस्त करणारे बसलेले असतात, एक रुपया घेत नाहीत. त्याला कुणी दुकान म्हणेल का.

आता कामाचं सांगतो. आधी दिंडीप्रमुखांना भेटा, फोनवर नको, समोर जाऊन भेटा, आत्याबाईंना बरोबर घ्या. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरताना नाव लिहितात तेव्हाच सांगा की अशी अशी सेवा द्यायचीय. मशीन दिंडीच्या ट्रकवर जाईल, पण ट्रक पुढच्या मुक्कामाला आधीच पोचतो आणि तुम्ही चालत मागनं, म्हणजे दिवसभर मशीन हाताशी नाही हे धरून चला. त्यामुळे वाटेत सुई-दोऱ्याचं काम आणि मुक्कामावर मशीनचं काम अशी वाटणी करा. पहाटे उठून तंबू आवरायची घाई असते, तेव्हा कुणी काही आणलं तरी घेऊ नका. दुपारच्या विसाव्याला अर्धा-पाऊण तास मिळतो. संध्याकाळी तळावर समाजआरती होते, ती मात्र चुकवू नका, चोपदार दंड वर करतात आणि एवढा लाखाचा समाज एका क्षणात गप्प होतो, ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. हे एकदा तिथं उभं राहून बघितलंच पाहिजे. आरतीनंतर जेवणं आणि कीर्तन, त्यातला तासभर तुमचा.

सगळ्यात सोयीचे दिवस म्हणजे पुण्याचे आणि सासवडचे, कारण दोन्हीकडं दोन-दोन मुक्काम असतात. मोठं काम असेल ते तिथं उरकायचं. नीरा ओलांडून लोणंदच्या पुढं गेलं की पाऊस, ऊन, चिखल काय वाट्याला येईल ते येईल.

आणि एक, ज्या वेळी आपली दिंडी चालतीय त्या वेळी ओळीतच चालायचं. कुणाची पिशवी शिवायला मागं थांबलात आणि दिंडी पुढं गेली तर रात्री आत्याबाई तुम्हाला शोधत फिरतील.

---

पांढरी_पट्टी

मी नर्स आहे, सात वर्षं झाली, सुट्टी टाकून आठवडाभर एका वैद्यकीय पथकाबरोबर जाते, साधारण लोणंद ते नातेपुते. ताई, तुमचं वाचून इतकं बरं वाटलं. माझ्याही घरी सुरुवातीला असंच होतं, वारीत जाऊनसुद्धा ड्युटीच करणार का म्हणायचे.

मला फक्त एवढं सांगायचंय की आपलं कसब आहे ना त्याला शिस्त दुकानात जेवढी लागते त्याच्यापेक्षा इथं जास्त लागते, कारण समोरचा माणूस आपल्याला देवच समजतो आणि काहीही विचारत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी फलटणच्या अलीकडं एका मंडपात पोरं वारकऱ्यांचे पाय चेपत होती, फार मनापासून करत होती, त्यात एका आजोबांची एकच पोटरी सुजलेली, गरम लागत होती, आणि पोरगा तेल लावून जोरात चोळत होता. मी पळत जाऊन हात धरला त्याचा. एकाच पायाला अशी सूज असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आजोबांना अँब्युलन्सनं सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि निघाली गुठळीच. पोरगा नंतर माझ्याजवळ येऊन रडला, त्याची काहीच चूक नव्हती हो, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही चेपणाऱ्या मुलांना आधी दहा मिनिटं समजावून सांगतो मगच हात लावू देतो.

तुम्ही पहिल्यांदा पूर्ण चालताय म्हणून तुमच्यासाठी पण, नवी चप्पल अजिबात घालू नका, महिनाभर वापरलेलीच घ्या. फोड आला तर सुईनं फोडू नका, तुमच्या हातात सुई कायम असणार म्हणून मुद्दाम सांगतेय. स्वच्छ धुवून, गॉज लावून, वर सैलसर पट्टी. जुलाब किंवा फार घाम झाला तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, सपाट भरलेला. आणि आत्याला शुगर असेल तर रोज रात्री तिचे तळवे टॉर्च लावून बघा. शुगरच्या माणसाला पायात काटा मोडलेला कळत नाही, मी तळव्यात बारीक खिळा घुसलेली माणसं बघितली आहेत जी दिवसभर तशीच चालत आली होती.

---

पाळीचा_सेवेकरी

थोडं वेगळं मत मांडतो ताई, राग मानू नका.

मी इंजिनिअर. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात सेवेकरी पाळीपाळीनं येतात, पगार नाही, गावोगावची माणसं, तिथं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात होतं की आपल्याला कॉम्प्युटरचं काहीतरी देतील, आपण इतके शिकलेलो. मला चपला सांभाळायला बसवलं. पहिले दोन दिवस मला आतून फार जड गेलं. तिसऱ्या दिवशी एका शेतकरी बाबांची चप्पल हातात आली, अंगठा तुटलेला आणि तारेनं बांधलेला, ती तार माझ्या बोटाला लागली. एवढ्या चपलेवर हा माणूस कुठून कुठून आला असेल असं वाटलं आणि माझं मनातलं सगळं गळून पडलं. त्याच्यानंतर मी कधी विचारलं नाही की काय काम देणार.

म्हणून मला वाटतं पहिल्या वर्षी मशीन घरीच ठेवा. आपल्याला जे चांगलं येतं तेच आपण करतो तेव्हा कौतुक होतं, आणि कौतुकाची चटक लागते. दिंडीत भाकरी थापायला माणूस लागतं, पाण्याच्या टँकरवर हंडे भरायला लागतं, तंबू पाडायला लागतं. जे सांगतील ते करा. सुई-दोरा पिशवीत असू द्या, कुणाला लागला तर काढा. पुढच्या वर्षी दिंडीच म्हणेल की ताई मशीन आणा.

---

वाखरीचा_विसावा

दादा तुमचा अनुभव फार मोलाचा आहे आणि चपलेचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण एक म्हणतो, ताईंची चुंबळ त्यांना कौतुक हवं म्हणून शिवलेली नव्हती, समोर एक बाई घाटभर हात वर धरून चालत होती म्हणून शिवली. गरज आधी दिसली, कसब मागनं आलं. असं असेल तर मशीन न्यायला काय हरकत. मात्र भाकरीच्या पाळीतनं सूट मागू नये हे तुमचं शंभर टक्के खरं.

---

उचापत_नाही_जमाखर्च

मी अकाऊंटंट आहे, मला दुसऱ्याच बाजूनं सांगावंसं वाटतंय कारण हे कुणी बोलत नाही.

आमच्या भागातल्या एका भजनी मंडळाचे हिशेब मी हौसेनं घेतले. नाव घेत नाही. पहिल्या वर्षी छान वाटलं. मग काय, पावत्या कॅरीबॅगमध्ये भरून दारात आणून ठेवायचे, रात्री साडेअकराला फोन की अमक्याची देणगी कुठल्या खात्यात पडली बघ, एकादशीला मी मंदिरात गेलो की टाळ हातात द्यायच्या आधी कुणीतरी रजिस्टर हातात द्यायचं. तीन वर्षं असं चाललं. एका गुरुवारी माझ्या लक्षात आलं की मी शेवटचा हरिपाठ पूर्ण कधी म्हटला ते मला आठवत नाहीये. मी गुपचूप जाणंच बंद केलं, सात-आठ महिने. फार वाईट काळ होता तो, ज्या ठिकाणी शांत वाटायचं तिथंच जायची भीती.

शेवटी अध्यक्षांना भेटून सरळ सांगितलं की महिन्याचा शेवटचा रविवार हिशेबाचा, बाकी दिवशी मी फक्त भजनाला येणार. दोन पोरांना कॅशबुक लिहायला शिकवलं. देणगीचा क्यूआर कोड कुणाच्या तरी खाजगी खात्याचा होता तो काढून मंडळाच्या खात्याचा लावून घेतला, आणि पैसे काढायला दोन सह्या. आता नीट चाललंय.

ताई, तुम्हाला सांगायचं कारण असं की वेळ आधी ठरवा आणि सगळ्यांना सांगा. नाहीतर १८-२० दिवस तुम्ही फक्त चेन बसवत बसाल आणि रिंगण बघायचं राहून जाईल. रिंगणाच्या दिवशी मशीनचं झाकण उघडूच नका. लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, माऊलींचा अश्व दोन्ही बाजूच्या वारकऱ्यांच्या मधनं धावत जातो, त्या वेळी तुम्ही कुणाच्या सॅकमध्ये मान घालून बसलेल्या नसाव्यात एवढंच.

---

टाका_दोरा

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन-तीनदा वाचलं, आत्याला पण मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली चपलावाल्या दादांना माझा नमस्कार सांग. आत्याला शुगर आहेच, टॉर्च बॅगेत टाकली.

काल दिंडीप्रमुखांकडं जाऊन आले. मी मशीनचं विचारलं तर म्हणाले या वर्षी ट्रकवर जागा बघून सांगतो, नक्की नाही. मी म्हटलं चालेल, जे काम सांगाल ते करीन. भाकरीच्या पाळीत नाव लिहिलंय, सोमवार आणि गुरुवार.

म्हणजे मशीन नसलं तर हातानं जेवढं होईल तेवढं. एक पत्र्याचा डबा भरायला घेतलाय, जाड सुया, आरी, नायलॉनचा दोरा, मेणाचा तुकडा, निवाडपट्टी चार मीटर, बकलं, चेनचे रनर वेगवेगळ्या मापाचे आणि छोटी पक्कड. सैल झालेला रनर बदलावा लागतोच असं नाही, पक्कडीनं दोन्ही बाजूनी हलका दाबला तरी बहुतेक वेळा चेन परत धरते, हे कुणालाही जमेल, करून बघा. चुंबळी मात्र आत्ताच घरी करतीय, जुन्या सुती साड्यांच्या, ११ झाल्या.

निघताना विणेकरी बाबा भेटले. त्यांनी विचारलं वीणेची खोळ करशील का, जुनी भोपळ्याजवळ पार विरलीय आणि पावसात आत पाणी जातं. मी म्हटलं द्या माप घेते, खाली ठेवा जरा. तर आत्यानं मला हळूच चिमटा काढला, वीणा खाली ठेवत नाहीत. मग बाबा गळ्यात वीणा घेऊन तसेच उभे राहिले आणि मी टेप लावून भोवतीनं माप घेतलं, भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, खुंट्यांपाशी किती जागा सोडायची ते. माझा हात थरथरत होता, इतक्या वर्षांत माप घेताना असं कधी झालं नव्हतं.

आता प्रश्न कापडाचा. नुसतं मेणकापड घेतलं तर आत दमट राहील असं वाटतंय. कुणी आधी केलीय का?

---

वाखरीचा_विसावा

आमच्या दिंडीची दोन पदरी आहे. आतून मऊ सुती, बाहेरून छत्रीचं कापड, आणि खाली दोन काजं ठेवलीत हवा जायला. तारांच्या बाजूला चेन लावू नका, घासते. नाडी लावा.

---

टाका_दोरा

छत्रीचं कापड, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच आणते. नाडी भगवी लावते.