मदत हवी आहे : पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक

नमस्कार मंडळी. आम्ही सातारा जिल्ह्यातले, कोरेगाव तालुक्यातले. माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत शहराच्या वेढ्यात अडकले, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाल्यावर तुर्कांचे कैदी झाले, आणि परत आलेच नाहीत.

घरी एक ब्राँझची गोल थाळी आहे, युद्धात मेलेल्यांच्या वारसांना सरकारने दिलेली; त्यावर त्यांचं नाव इंग्रजीत उठावाच्या अक्षरांत आहे. पदकं मात्र आली नाहीत. पणजी त्या पदकांची वाट बघत बघतच गेली, असं आजी सांगायची. चांदीच्या युद्धपदकाला (ब्रिटिश वॉर मेडल) मंजुरीच १९१९ साली मिळाली. तोवर कैदेत मेलेल्यांचे वारस शोधायचे, नावं जुळवायची, गावोगावी पाठवायचं. त्यात १९२२ ला पलटणीचं नाव-नंबरही बदलले, ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. कारणं समजतात, पण पणजीचा विचार आला की अजून जीव तुटतो.

कुणी आपल्या घरातल्या माणसाची पदकांच्या यादीतली नोंद शोधली आहे का? मराठा रेजिमेंटच्या बेळगावच्या सेंटरला पत्र लिहावं, की आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं? या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव असतं, त्यामुळे नंबर महत्त्वाचा. तोच आमच्याकडे नाही. इराकमधल्या बसरा युद्धस्मारकाच्या मृतांच्या यादीतून तो मिळतो का? आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा कसंही करत, तर शोधताना काय युक्ती वापरलीत?

अपशिंगे मिलिटरी गावाकडच्या कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा. वडील ९१ वर्षांचे आहेत, त्यांच्या हयातीत एवढं व्हावं.