मदत हवी आहे: जावास्क्रिप्टच्या फॉर लूपमध्ये प्रत्येक बटणाला ५ च का मिळतो?

देवगडच्या आमच्या बागेतल्या हापूससाठी साधं पान करतोय. पेट्यांचे ५ प्रकार, प्रत्येकाला 'मागवा' बटण. फॉर लूप (तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणारा), त्यात फेऱ्या मोजणारा आकडा 'आय' (i): ० पासून, आय ५ पेक्षा लहान असेपर्यंत. आतच प्रत्येक बटणाला क्लिकचं फंक्शन जोडलंय. पण कुठलंही बटण दाबा, आय ५ च येतो आणि पेटीच्या नावाजागी 'अनडिफाइन्ड', म्हणजे किंमतच नाही! गिऱ्हाईक काय मागवणार, कपाळ?

लूपमध्येच आय छापला तर ० ते ४ नीट दिसतात. अट 'आय ४ किंवा कमी' अशी केली, तरी तेच. आय जाहीर करताना 'व्हार' (var) ऐवजी 'लेट' (let) लिहिलं आणि चाललं. जेक्वेरी वगैरे तयार लायब्ररी नाही, फोनवरचं क्रोम.

मग 'लेट'ने दर फेरीला नवा आय तयार होतो का? आणि 'व्हार'च ठेवायचा असेल तर त्या फेरीचा आकडा फंक्शनला कसा द्यायचा?